मेंदूच्या वळ्यांचा हिशेब

सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीच्या मेंदूचा एमआरआय काढला की अहवालात एक वाक्य बहुधा आढळतेच : ‘वयोमानानुसार मेंदूचे आकुंचन’. नातेवाईक ते वाचून धास्तावतात, डॉक्टर ‘या वयात एवढे व्हायचेच’ असे सांगून धीर देतात आणि विषय तेथेच मिटतो. वस्तुतः त्या एका वाक्यात दोन अवघड प्रश्न दडलेले आहेत. यातले आकुंचन वयाचे किती आणि रोगाचे किती? आणि ‘वयोमानानुसार’ म्हणजे नेमके कोणाच्या वयोमानानुसार? मेंदूच्या पृष्ठभागाची जाडी, क्षेत्रफळ, वळ्यांची दाटी आणि खाचांची रुंदी आकड्यांत मांडू पाहणारी एक संशोधनशाखा गेली सुमारे तीन दशके या प्रश्नांशी झगडते आहे. आजवर प्रयोगशाळेपुरती असलेली ही मोजदाद आता संगणकप्रणालींच्या रूपाने रुग्णालयांच्या दारात येऊन उभी राहिली आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तिचा कितपत उपयोग आहे, याची तपासणी म्हणूनच व्हायला हवी.

मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराला बाह्यक म्हणतात. त्याची जाडी सरासरी अवघी अडीच मिलिमीटर असते. हा थर उलगडून सपाट पसरला तर त्याचे क्षेत्रफळ दोन हजार चौरस सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण वृत्तपत्राच्या एका पूर्ण पानाएवढे भरेल. हे पान कवटीत मावते ते चुरगळल्यामुळे. त्याचा जवळपास दोन-तृतीयांश भाग खाचांच्या आत दडलेला असतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही. गर्भावस्थेच्या मध्यापर्यंत मेंदू बराचसा गुळगुळीत असतो. वळ्या मुख्यत्वे अखेरच्या तीन महिन्यांत पडतात आणि त्यांची ढोबळ ठेवण पुढे आयुष्यभर टिकते.

वळ्या अधिक म्हणजे बुद्धी अधिक, ही समजूत फार जुनी आहे. ग्रीक वैद्य एरासिस्ट्राटस याने ती मांडली होती. गाढवाचा मेंदूही चांगलाच वळ्यावळ्यांचा असतो, असे सांगून गेलनने तिची टर उडवली. डॉल्फिनच्या मेंदूला तर माणसापेक्षा पुष्कळच अधिक वळ्या असतात. तेव्हा वळ्यांवरून हुशारी जोखण्याच्या फंदात न पडलेले बरे. प्रस्तुत प्रश्न वेगळा आहे. एकाच माणसाच्या वळ्या रोगामुळे बदलतात काय, आणि बदलत असतील तर तो बदल वेळेवर पकडता येतो काय?

वळ्या मोजण्याची आज रूढ असलेली रीत जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल झिलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडली. कल्पना अगदी सोपी आहे. मेंदूचा एक आडवा छेद घ्यायचा. प्रत्येक खाचेत शिरून बाहेर येणारी कडेची रेषा मोजायची. मग खाचा ओलांडून नुसत्या बाहेरून जाणारी रेषा मोजायची. पहिल्या लांबीला दुसरीने भागले की वळ्यांचा निर्देशांक मिळतो. पूर्ण गुळगुळीत मेंदूचा निर्देशांक एक, तर माणसाचा सरासरी अडीचच्या आसपास. झिलेस यांचे काम मृत मेंदूंच्या छेदांवर झाले होते. जिवंत माणसाच्या मेंदूचा पृष्ठभाग संगणकात उभा करण्याची सोय बोस्टनमधील अँडर्स डेल आणि ब्रूस फिशल यांच्या ‘फ्रीसर्फर’ या प्रणालीने करून दिली. तिचे मूळ प्रबंध १९९९ चे, आणि बाह्यकाची जाडी मोजण्याची पद्धत २००० सालची. मारी शेअर यांनी २००८ मध्ये तिला जोड दिली ती मेंदूच्या प्रत्येक बिंदूभोवतीच्या वळ्या स्वतंत्रपणे मोजण्याची. एका मेंदूचे गणित सोडवायला या प्रणालीला कित्येक तास लागत. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या नव्या प्रणाली बरेचसे तेच काम काही मिनिटांत करतात, आणि प्रयोगशाळेबाहेर पडण्याचा मार्ग नेमका याच वेगाने मोकळा केला.

त्याआधी काय होते? क्ष-किरणतज्ज्ञाची नजर होती. नेदरलँड्सच्या फिलिप शेल्टेन्स यांनी १९९२ मध्ये तिला शिस्त लावली. कानशिलालगतच्या खंडाच्या आतल्या भागाचे आकुंचन पाहून शून्य ते चार असे गुण द्यायचे, एवढीच ती पद्धत. तिला यंत्र लागत नाही, मिनिटभरात काम होते आणि आजही ती जगभर वापरली जाते. नव्या आकडेमोडीचे गोडवे गाताना या साध्या पद्धतीला कमी लेखण्याची प्रवृत्ती दिसते. ती योग्य नव्हे.

आल्झायमर रोगाची वाट आता बऱ्यापैकी ठाऊक झाली आहे. जर्मन डॉक्टर अलोइस आल्झायमर यांनी ट्यूबिंगेनच्या सभेत ऑगस्टे डेटेर या रुग्णेची हकिकत सांगितली ती १९०६ मध्ये. तिचा मेंदू आकसलेला होता, आणि सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशींच्या बाहेर साचलेला मळ व आत पडलेल्या गुंतवळी दिसल्या होत्या. या गुंतवळी कोणत्या क्रमाने पसरतात, याचा नकाशा हाइको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने १९९१ मध्ये काढला. सुरुवात कानशिलाच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या पट्ट्यात होते. तेथून रोग शेजारच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या ठाण्यात शिरतो आणि मग बाह्यकभर पसरतो. चेतापेशी व त्यांचे जोड मरतात, थर पातळ होतो, वळ्या निमुळत्या होतात, खाचा रुंदावतात. निरोगी म्हाताऱ्या माणसात हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण दीड टक्क्याने आकसतो, आल्झायमरच्या रुग्णात साडेचार टक्क्यांच्या आसपास. फरक मोठा आहे, पण तो समूहाच्या सरासरीतला आहे, हे विसरता कामा नये.

येथवर सारे सरळ वाटते. वळ्यांपाशी आले की गुंता होतो. जाडी ही एकच राशी आहे, ती घटली की घटली. वळ्यांचा निर्देशांक हे मात्र गुणोत्तर आहे. रोगाने आतली रेषा आखूड होते, तशी मेंदू आकसल्याने बाहेरचीही होते. दोन्ही सारख्या प्रमाणात घटल्या तर मेंदूची हानी होऊनही निर्देशांक जेथल्या तेथे राहील. काही ठिकाणी बाहेरची रेषा अधिक घटली तर तो चक्क वाढेलही. या क्षेत्रातील निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे.

या गुंत्यातून वाट काढणारा एक विचार ब्राझीलमधून आला. ब्रुनो मोटा आणि सुझाना हर्क्युलानो-हुझेल यांनी २०१५ मध्ये दाखवले की, उंदरापासून हत्तीपर्यंतच्या सस्तन प्राण्यांचे बाह्यक एकाच नियमाने दुमडते. एकूण क्षेत्रफळाला जाडीच्या वर्गमुळाने गुणले तर येणारी संख्या, बाहेरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या सव्वा घाताच्या प्रमाणात असते. आणि कागदाचे चुरगळलेले बोळेही याच नियमाने वागतात! पातळ कागद अधिक चुरगळतो, जाड पुठ्ठा कमी, मेंदूचेही तसेच. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील युजियांग वांग यांनी मोटा यांच्यासह २०१६ मध्ये हा नियम माणसामाणसांतील फरकांना लावून पाहिला आणि तो लागू पडला. परंतु वय वाढते तसा त्या नियमातला स्थिरांक घसरत जातो, आणि आल्झायमरच्या रुग्णांत तो समवयस्कांपेक्षा अधिक घसरलेला असतो, असेही त्यांना आढळले. या स्थिरांकाला ते बाह्यकातला ताण मानतात.

याचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. नुसता नियम पाहिला, तर थर पातळ झाल्यावर वळ्या अधिक दाट व्हायला हव्यात. वृद्ध मेंदूत उलटे घडते. थरही विरतो आणि वळ्याही सैलावतात. म्हणजे चुरगळलेल्या कागदाला जो ताण आवळून धरत होता, तोच ओसरला असावा. आल्झायमरमध्ये जे दिसते ते या दृष्टीने मुदतीआधी आलेल्या म्हातारपणासारखे आहे. जाडी, क्षेत्रफळ आणि वळ्या सुट्या सुट्या मोजून परस्परविरोधी आकडे पदरी पडत असताना, त्या तिन्हींना एका सूत्रात बांधणारा हा प्रयत्न मला या साऱ्या खटाटोपातला सर्वांत विचारप्रवर्तक वाटतो. अर्थात विचारप्रवर्तक असणे निराळे आणि समोर बसलेल्या रुग्णाबद्दल काही सांगता येणे निराळे.

कारण वळ्यांत दोन काळांच्या खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक गर्भाशयातल्या अखेरच्या महिन्यांची, दुसरी आज चालू असलेल्या ऱ्हासाची. एखाद्याचा निर्देशांक जन्मतःच कमी असू शकतो. पंचाहत्तराव्या वर्षी काढलेले एकुलते एक चित्र या दोहोंतला फरक सांगू शकत नाही. त्यासाठी त्याच माणसाची, शक्य तर त्याच यंत्रावर, एक-दोन वर्षांच्या अंतराने काढलेली दुसरी प्रतिमा लागते. शिवाय मोजमापही नाजूक आहे. एमआरआय प्रतिमेचा एक ठिपका बहुधा एक मिलिमीटरचा असतो आणि शोध घ्यायचा असतो तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा. हजारो बिंदूंची सरासरी काढून संगणक ते साधतो खरे, परंतु यंत्र बदलले की आकडे बदलतात. रुग्णाने नळीत पडून डोके थोडे जरी हलवले, तरी बाह्यक असते त्याहून पातळ भासते. स्मृतिभ्रंशाचा गोंधळलेला रुग्ण निरोगी माणसापेक्षा अधिक हलतो, हे वेगळे सांगायला नको. म्हणजे ज्याच्या मेंदूत रोग शोधायचा, त्याच्याच प्रतिमेत रोगाचा आभास निर्माण होण्याची शक्यता अधिक!

तरीही वळ्यांकडे पाहण्याने रुग्णाचे आयुष्य खरोखर पालटते, असा एक प्रसंग आहे आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. कोलंबियातील मेंदूशल्यविशारद सोलोमन हाकिम यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतील रेमंड अॅडम्स यांच्यासह एका विकाराचे वर्णन केले. मेंदूतील द्रव आतल्या पोकळ्यांत साचून त्या फुगतात, पण कमरेतून सुई घालून मोजलेला दाब मात्र नेहमीइतकाच भरतो. रुग्णाची चाल बिघडते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, लघवीवर ताबा राहत नाही आणि स्मरणशक्ती मंदावते. घरचे लोक ‘म्हातारपण’ म्हणतात, कधी डॉक्टरही आल्झायमर किंवा कंपवाताचा शिक्का मारतात. प्रतिमेतही फुगलेल्या पोकळ्या पाहून मेंदू आकसल्याचा समज सहज होतो. फरक कळतो तो वळ्यांवरून. आल्झायमरमध्ये डोक्याच्या माथ्याकडच्या खाचाही रुंदावतात. या विकारात माथ्याकडच्या खाचा उलट घट्ट मिटलेल्या आणि कानशिलाजवळची मोठी भेग मात्र उघडलेली, असे चित्र दिसते. जपानी डॉक्टरांनी निदानाच्या नियमांत या खुणेला मानाचे स्थान दिले आहे. निदान बरोबर असेल तर एक बारीक नळी बसवून जादा द्रव पोटात वळवता येतो, आणि पुष्कळ रुग्णांची चाल सुधारते, काहींची स्मृतीही. स्मृतिभ्रंशाच्या थोड्याच कारणांवर इलाज चालतो. ब जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे बिघाड आणि कवटीखाली साकळलेले रक्त यांच्या जोडीने हे त्यांतले एक. तेव्हा ‘वयोमानानुसार आकुंचन’ असे छापील वाक्य टाकून अहवाल हातावेगळा करण्याआधी माथ्याकडच्या खाचा पाहिल्या होत्या काय, हे विचारण्याचा रुग्णाच्या मुलांना पूर्ण अधिकार आहे. त्याला कोणतीही महागडी प्रणाली लागत नाही.

औषधांच्या आघाडीवर मात्र या मोजमापाने संशोधकांनाच चकवले आहे. मेंदूचे आकुंचन मंदावले म्हणजे औषध लागू पडले, असा एक सरळ हिशेब होता. चेतापेशींबाहेर साचणाऱ्या अॅमिलॉइडविरुद्ध पहिली लस आली, पण काही रुग्णांना मेंदूदाह झाल्याने २००२ मध्ये तिचे प्रयोग थांबवावे लागले. २००५ मध्ये लंडनच्या निक फॉक्स आणि सहकाऱ्यांनी त्या रुग्णांच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा लसीला प्रतिसाद दिलेल्यांचे मेंदू अधिक आकसल्याचे दिसले. मात्र त्यांची बुद्धी त्या मानाने ढासळलेली नव्हती. हाच प्रकार पुढे लेकानेमॅबबाबत घडला. या औषधाच्या १,७९५ रुग्णांवरील दीड वर्षाच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी मंदावल्याचे जाहीर झाले आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला पूर्ण मान्यता दिली. टक्केवारी डोळे दिपवणारी असली, तरी १८ गुणांच्या मापनश्रेणीवर तो फरक अर्ध्या गुणाहूनही कमी होता. आणि त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांच्या मेंदूचे एकूण आकारमान न घेणाऱ्यांपेक्षा अधिक घटले. मळ व त्याभोवतीची सूज गेल्याने मेंदू लहान दिसतो, असे एका गटाचे म्हणणे आहे. हे धोक्याचे लक्षण असू शकते, असे दुसऱ्याचे. हा वाद मिटलेला नाही. मेंदूत सूज येणे व रक्तस्राव होणे हे या औषधांचे ज्ञात दुष्परिणाम असल्याने तो निव्वळ शास्त्रीय कुतूहलाचा विषयही नाही. नुसता ‘आकार घटला’ हा आकडा येथे अपुरा पडतो. थर पातळ झाला की खाचांतला द्रव वाढला, घट कोणत्या भागात झाली, वळ्यांचा ताण ओसरला की तसाच राहिला, असे बारकावे लागतात. पृष्ठभागाच्या सूक्ष्म मोजणीची खरी परीक्षा बहुधा येथेच होईल.

आणि मेंदूचे चित्र व माणसाची स्मृती यांचे नाते इतके सरळ कोठे आहे? अमेरिकेतील ६७८ जोगिणींच्या दीर्घकालीन अभ्यासात डेव्हिड स्नोडन यांना अशा वृद्धा भेटल्या, की ज्यांच्या मेंदूत मृत्यूनंतर रोगाच्या भरपूर खुणा सापडल्या, पण हयातीत त्यांची बुद्धी शाबूत होती. हैदराबादच्या निझाम आयुर्विज्ञान संस्थेत सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि निरक्षरांतही हा फरक आढळला. घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्याच्या मेंदूचे चित्र पाहून त्याच्या स्मृतीचे भाकीत करायला बसलेल्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

हैदराबादच्या या अभ्यासामुळे प्रश्न आपल्या दारात येतो. देशभरच्या नमुन्यावर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड पाहणीनुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत आणि ग्रामीण भागात त्याचे प्रमाण अधिक आहे. निदानाची नेहमीची साधने मात्र शाळा शिकलेल्यांसाठी बेतलेली आहेत. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली आणि जगभर रूढ झालेली चाचणी वृद्धाला एक वाक्य लिहायला आणि एकमेकांत गुंतलेले पंचकोन काढायला सांगते. जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, त्या आजीबाईंनी हे कसे करावे? हरियाणातील बल्लभगढच्या अभ्यासासाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांना १९९० च्या दशकात याच अडचणीपोटी निराळी हिंदी चाचणी बेतावी लागली होती. म्हणूनच प्रतिमेचा मोह आपल्याकडे अधिक आहे. मेंदू काही शाळेचा दाखला मागत नाही!

मागत नाही खरे, पण तुलना करायला प्रमाण मेंदू लागतो आणि तो आजवर परका होता. हैदराबादच्या ट्रिपल आयटी संस्थेत जयंती शिवस्वामी यांच्या नेतृत्वाखाली २०१९ मध्ये शंभर निरोगी भारतीयांच्या प्रतिमांवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार झाला. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य प्रमाणापेक्षा भारतीय मेंदू लांबी, रुंदी, उंची आणि आकारमान या सर्वांत सरासरीने लहान असल्याचे त्यातून पुढे आले. यात न्यूनगंड वाटण्याजोगे काही नाही, शरीरयष्टीचा तो साधा भाग आहे. परंतु मुंबई-पुण्यातल्या एखाद्या वृद्धाचा निरोगी मेंदू परदेशी प्रमाणाशी ताडून संगणकाने ‘आकसलेला’ ठरवला, तर त्याची किंमत एका कुटुंबाला मोजावी लागते. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेले आयुष्यभराचे मेंदूतक्ते १,०१,४५७ व्यक्तींच्या १,२३,९८४ प्रतिमांवर उभे आहेत. लहान मुलांच्या वजन-उंचीच्या तक्त्यांसारखे ते मेंदूसाठी वापरता यावेत, अशी त्यामागील कल्पना. त्यांतही युरोप-अमेरिकेचा वरचष्मा आहे, हे त्यांच्या कर्त्यांनीच मान्य केले आहे. आणि शंभर जणांचा आपला नकाशा म्हाताऱ्यांसाठी पुरेसा नाही, कारण म्हातारपणाचा तक्ता म्हाताऱ्यांच्याच मेंदूंवरून काढावा लागतो.

मेंदूचे भाग मोजून समवयस्कांशी तुलना करणाऱ्या व्यापारी प्रणालींना अमेरिकेत २००६ पासूनच मान्यता मिळू लागली होती. त्यांचे रंगीत तक्ते दिसायला देखणे असतात आणि छापील आकड्याला आपल्याकडे वजन फार. असा तक्ता हाती आला तर तुलनेतले ‘समवयस्क’ कोण, किती आणि कोठले, हा पहिला प्रश्न असायला हवा. लक्षणे नसलेल्या माणसाने केवळ मनाच्या समाधानासाठी अशी तपासणी करून घेण्यात तर काहीच हशील नाही. नुसत्या निदानाच्या शर्यतीतही प्रतिमा आता एकटी उरलेली नाही. आल्झायमरच्या निदानाला साह्य करणाऱ्या एका रक्तचाचणीला मे २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्त रोगाची चाहूल देऊ शकेल. हानी कोठे आणि किती वेगाने होत आहे, हे मात्र प्रतिमाच सांगेल.

त्यासाठी लागणारे भारतीय प्रमाण कर्नाटकात आकार घेत आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा परिसरात पंचेचाळिशीपुढील दहा हजार ग्रामस्थांचा दीर्घ मुदतीचा अभ्यास हाती घेतला आहे. त्यांच्या चाचण्या, रक्ततपासणी आणि मेंदूच्या प्रतिमा ठराविक अंतराने पुन्हा घेतल्या जातात. जोडीला बंगळुरू शहरातील लोकांचा असाच एक अभ्यास आहे. शेतात राबणाऱ्या, बहुतांशी कमी शिकलेल्या माणसांचे मेंदू चाळीस-पन्नाशीपासून म्हातारपणापर्यंत कसे बदलतात, याची नोंद जगात फारशी कोठेच नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर येथे न्यूरॉलॉजीचे मोठे विभाग आहेत, एमआरआय यंत्रे आहेत, आणि सह्याद्रीच्या वाड्यांपासून विदर्भातल्या खेड्यांपर्यंत वृद्धांची संख्या वाढते आहे. त्यांच्यापैकी किती जणांची दुसरी प्रतिमा पहिलीशेजारी ठेवून पाहिली जाते?